लेकीच्या कानामागचा व्हॉल्व

माझ्या लेकीच्या उजव्या कानामागे, केसांच्या आत, चिंचोक्याएवढा एक मऊ उंचवटा आहे. बोटाने दाबला की दबतो, सोडला की पुन्हा भरतो. ती सात महिन्यांची असताना नागपूरच्या डॉक्टरांनी तो तिथे बसवला आणि त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं मी रोज सकाळी तो दाबून पाहत होतो. रोज दाबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी दाबत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला शहाणा म्हणवून घेतोय असं कोणाला वाटणार नाही.

मी धानोरा तालुक्यात हातपंप दुरुस्त करतो. कागदावर माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे, गावात मात्र मी नुसता पंपवाला. जंगलातल्या पाच-दहा घरांच्या टोल्यांपर्यंत, जिथे गाडी जात नाही तिथे सायकलला पाइप बांधून गेलो आहे. दांडा दोनदा हलवला की खाली दीडशे फुटांवर काय बिघडलंय ते माझ्या हाताला कळतं. चामड्याचा वॉशर झिजलाय, की खालच्या व्हॉल्वमध्ये खडा अडकलाय, की साखळीच सैल झालीये. लोकांना याचं नवल वाटतं आणि मला त्या नवलाची चटक लागलेली. मी सांगितलेला बिघाडच निघाला की दिवसभर माझी मान ताठ असते. बायको म्हणते, याच ताठ मानेनं एक दिवस घात केला. बरोबर म्हणते.

लेक झाली तेव्हा सगळं ठीक होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टोपडं डोक्याला बसेना. अंगणवाडीच्या बाईंनी टेप लावून डोकं मोजलं, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजलं आणि गप्प झाल्या. त्या बाई एरवी इतक्या बोलक्या की त्यांच्या तावडीतून सुटायला निमित्त शोधावं लागायचं. त्या गप्प झाल्या तेव्हा आम्ही दोघं घाबरलो आणि तिसऱ्या दिवशी नागपूर गाठलं.

तिथल्या वयस्क डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. प्रत्येकाच्या मेंदूत पाणी तयार होतं आणि आपल्या वाटेने जाऊन रक्तात जिरतं. हिची वाट बंद आहे. तयार होणं थांबत नाही आणि जायला जागा नाही, म्हणून डोकं वाढतंय. त्यावर उपाय म्हणजे डोक्यातून एक बारीक नळी काढायची, कातडीखालून कानामागून, मानेतून, छातीवरून पोटात न्यायची, आणि जास्तीचं पाणी पोटात सोडायचं. या सगळ्या प्रकाराला ते शंट म्हणत. नळी पोटात थोडी जास्तीची ठेवायची, पोरगी वाढेल तशी ती उलगडत जाते. बायको शेजारी बसून रडत होती. आणि मी, सांगायला लाज वाटते, मान डोलावत होतो, कारण विषय माझ्या ओळखीचा निघाला होता.

‘पन मंग सगळंच पानी वाहून जाईन ना?’ मी विचारलं.

डॉक्टर जरा चमकले. त्यांनी खणातून नमुन्याचा एक व्हॉल्व काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वजन असं नव्हतंच. दुधी रंगाचा, रबरासारखा, पण रबराहून मऊ. दोन्ही बाजूंना उदबत्तीच्या काडीएवढी नळी, मध्ये छोटासा घुमट. आत दोन पातळ पाकळ्या होत्या. डोक्यातला दाब ठरलेल्या मापाच्या वर गेला की त्या पाकळ्या उघडतात, खाली आला की आपल्या आपण मिटतात. पाणी वाहत नाही, थेंबाथेंबाने झिरपतं, आणि उलटं वर कधीच येत नाही.

‘याले चालवते कोन?’

‘कोणी नाही. सेल नाही, वायर नाही. पाण्याचा दाबच चालवतो.’

माझ्या पंपाच्या पोटातही असंच असतं. वरचा व्हॉल्व, खालचा व्हॉल्व, दोन्ही पाण्याच्याच जोराने उघडतात आणि मिटतात. मी ते बोललो. डॉक्टर हसले आणि म्हणाले, ‘तुम्हाला लवकर कळलं.’ त्या तीन शब्दांनी माझं वाटोळं केलं. मी त्या दिवसापासून स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो.

ऑपरेशन झालं, पोरगी हसायला-खेळायला लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी घुमट दाबून दाखवला. दबला, लगेच भरला. मग म्हणाले, ‘हे माहीत असू द्या, पण रोज दाबायचं नाही. आणि भरला म्हणजे सगळं ठीक, असंही धरायचं नाही. डोकं दुखणं, उलटी, सुस्ती, यातलं काही दिसलं की व्हॉल्वकडे बघत बसू नका, पोरीला घेऊन या.’ हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं. बायकोने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. मी फक्त दबला आणि भरला, एवढंच घेऊन घरी आलो.

सकाळी चहाच्या आधी मी लेकीला जवळ घ्यायचो, कानामागे बोट लावायचो, दाबायचो, सोडायचो आणि जाहीर करायचो, ‘चालू आहे.’ घरात त्यानंतरच दिवस सुरू व्हायचा. बायको सुरुवातीला म्हणायची, ‘डॉक्टरनं रोज नको म्हनलं होतं.’ मी म्हणायचो, ‘डॉक्टर नागपुरात आहे, मी इथी आहे.’ पुढे तिने बोलणं सोडून दिलं. पोरगी चालायला लागली, शाळेत जाऊ लागली, बडबडीत अंगणवाडीच्या बाईंना मागे टाकेल अशी निघाली. प्रत्येक सकाळी चालू होतं. एवढ्या वर्षांत एकदाही बिघाड नाही म्हटल्यावर माझी मान आणखी ताठ झाली.

तिला अकरा पूर्ण होऊन बारावं लागलं तो उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अख्खं गाव जंगलात, दहा वाजता परत, मग दुपारभर सावलीत बसून पानांचे पुडे बांधायचे. बायकोचं माहेर आत जंगलात आहे. मायलेकी हंगामाला तिकडे गेल्या. लेक पहिल्यांदाच पानं तोडायला गेली होती. पाच दिवसांनी दोघी परत आल्या तेव्हा पोरगी काळवंडली होती. आल्या आल्या खाटेवर आडवी झाली आणि कपाळ धरून म्हणाली, ‘बाबा, डोकं दुखून राह्यलं.’

आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात डोकं दुखलं तर कोणी कारण विचारत नाही. ऊन लागलं, एवढंच. शेजारच्या म्हाताऱ्या बाई आल्या, पोरीकडे एकदा पाहिलं आणि घरून काशाची वाटी घेऊन आल्या. तळपायाला तूप लावून वाटीने घासायला लागल्या. घासता घासता तळवे काळे होतात, तशी गर्मी उतरते असं आमच्याकडे मानतात. ‘पाहा, कित्ती गर्मी निघून राह्यली पोरीची!’ त्या म्हणाल्या. बायकोने कैरी उकडून पन्हं केलं. पोरीने दोन घोट घेतले आणि अर्ध्या तासाने ओकून टाकले.

मी बोट लावलं. घुमट दबला. सोडला, तर भरला, पण लगेच नाही. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग कुठे तो हळूहळू वर आला.

त्या पाच आकड्यांवर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. मे महिन्यात माझ्या तालुक्यातला प्रत्येक पंप उशिरा पाणी देतो. पाण्याची पातळी खाली गेलेली असते. पंधरा-वीस वेळा दांडा रिकामाच वरखाली होतो आणि मग धार येते. लोक पंप बिघडला म्हणून तक्रार करतात, मी जातो, बघतो आणि त्यांच्यावरच ओरडतो की पंप ठणठणीत आहे, पाणी खाली गेलंय, दांडा मारत राहा. त्याच आठवड्यात तीन गावांत हे बोलून आलो होतो. चौथ्यांदा ते घरी बोललो.

‘अंगातलं पानी कमी झालं,’ मी म्हणालो. ‘म्हनून हळू भरून राह्यलं. व्हॉल्व चालू आहे. पन्हं पाजत राहा.’

शेजारच्या बाईंनी मान डोलावली. बायकोने डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी दिवसभर पडून होती. दुपारी जरा शांत झोपली तर मी विजयी चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. सुस्ती होती ती. मला तो आराम वाटला. दिवसातून चार वेळा मी घुमट दाबला आणि चारही वेळा तो भरला, उशिरा. संध्याकाळी तिने भाताला हात लावला नाही. बायको म्हणाली, ‘नागपूरले फोन लावा.’ मी म्हणालो, ‘उद्या सकाळी पाहू.’ खरं सांगायचं तर फोन लावला आणि ते म्हणाले ऊनच आहे, तर माझं हसं होईल असं मला वाटत होतं. पोरीच्या जिवापेक्षा मला माझं हसं होण्याची काळजी होती. हे लिहायला हात चालत नाही, पण तसंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अजून अंगणात उतरायचं होतं, ती उठली आणि उंबऱ्याशी ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. बायकोने तिला धरलं. कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, मग फ्रॉक वर करून पोटावर.

‘इचं अंग थंड आहे,’ ती म्हणाली.

‘मंग?’

‘ऊन लागलं तर अंग तापते. हे तापलंच नाई. अन् ऊन तरी कुठी आहे अजून? आत्ता झोपून उठली ते.’

‘मी आत्ताच दाबून पाह्यलं. भरते.’

‘किती वेळानं?’

मी पान्यांची पेटी उचलली.

‘किती वेळानं भरलं ते सांगा ना.’

‘उन्हाळ्यात जरा उशीर—’

‘तो पंप नाई,’ बायको ओरडली. ‘पोरगी आहे!’

ती माझ्यावर कधी ओरडत नाही. मला राग आला. सकाळी सकाळी डोकं खाऊ नको, असं म्हणून मी बाहेर आलो. दुरुस्तीची गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर वाट बघत होता, एका टोल्यावर पंप उघडायचा होता. मी गाडीत पान्यांची पेटी ठेवली. मी खरंच निघालो होतो. आजही कधी दुपारी सावलीत पाठ टेकली की तो क्षण आठवतो आणि मी उठून बसतो.

बायकोने पोरीला अंगणात आणून बसवलं आणि हातात पन्ह्याचा पेला दिला. पोरीने दोन्ही हातांनी तो धरला. मग पेला हळूहळू कलला, पन्हं फ्रॉकवर सांडायला लागलं आणि तिला कळलंच नाही. बसल्या बसल्या डोळे मिटत होते. बायकोने तिचा खांदा हलवला आणि विचारलं, ‘बाई, बाबा कुठी आहे? दाखव बरं.’

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोट उचललं, माझ्या बाजूला कुठेतरी नेलं, पुन्हा इकडे आणलं.

‘कोनते बाबा?’ ती म्हणाली. ‘दोन आहेत.’

पुढचं कोणी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ड्रायव्हरने पाइप अंगणातच उतरवले. मी पोरीला उचललं. ती एवढी मोठी झाली होती आणि तरी तिची मान तान्ह्या पोरासारखी माझ्या खांद्यावरून घसरत होती. बायको घरात गेली आणि क्षणात पिशवी घेऊन आली. दवाखान्याची फाइल, तो प्लास्टिकमधला कागद, पोरीचे कपडे, पाण्याची बाटली. पिशवी तिने आदल्या संध्याकाळीच भरून दाराआड ठेवली होती. मला न सांगता.

त्याच गाडीने गडचिरोली गाठलं. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी फाइल वाचली, पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग एक यंत्र डोळ्याशी लावून बराच वेळ आत पाहिलं. ‘ऊन नाही हे,’ त्या म्हणाल्या. ‘शंट बंद पडलाय. आतला दाब वाढत चाललाय.’ मी म्हणालो, ‘पन भरते ना, मॅडम, हळू भरते.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुईतून औषध सुरू केलं, दाब काही तास तरी आवरून धरेल असं. नागपूरला फोन केला आणि रुग्णवाहिका बोलावली. सोबत एक नर्स दिली. निघताना बायकोला सांगितलं, ‘तिला बोलतं ठेवा. झोपू लागली तर उठवा. उठेनाशी झाली तर...’ आणि वाक्य सोडून नर्सकडे वळल्या.

गडचिरोली ते नागपूर मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो रस्ता संपेना. आरमोरीपर्यंत ती बोलत होती. मी पाढे विचारत होतो. सातचा पाढा तिने पूर्ण म्हटला, आठच्या पाढ्यात अडखळली, नऊचा सुरूच केला नाही. बायको मामाच्या घरच्या बकरीचं विचारत होती, पिल्लं किती झाली, रंग कोणता. पोरगी ‘हो’ म्हणत होती, नुसतं ‘हो’. ब्रह्मपुरीच्या पुढे तेही थांबलं. बायको तिच्या तळहातावर चिमटा काढायची तेव्हा ती डोळे उघडायची आणि आमच्यापैकी कोणालाही न पाहता पुन्हा मिटायची.

माझा हात आपोआप तिच्या कानामागे गेला. काय करणार होतो कोण जाणे. बायकोने तिच्या कानावर आपला तळवा पसरला आणि तिथेच ठेवला.

‘हात नका लावू,’ ती म्हणाली.

नागपूर येईपर्यंत तिने तो तळवा उचलला नाही.

वाटेत एक रेल्वे फाटक लागलं. आमच्यासमोरच ते खाली आलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, वाजवतच राहिला. मी खाली उतरून धावत फाटकवाल्याकडे गेलो, हात जोडले, मग शिव्या दिल्या. त्या माणसाने लांबवर दिसणारी मालगाडी दाखवली आणि म्हणाला, ‘भाऊ, आता वर केलं तर सगळेच जाल.’ तो बरोबर होता. मी उन्हात उभा राहून डबे मोजत होतो. एवढ्यात गाडीतून बायकोची हाक आली, पोरीच्या नावाची, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोठ्याने. चौथी हाक आली नाही. मी परत गाडीपर्यंत गेलो त्या वीस पावलांत माझं सगळं संपलं होतं. दार उघडलं तर नर्सने पोरीच्या छातीच्या हाडावर मूठ घासून तिला जागं केलं होतं आणि पोरगी कण्हत होती. ते कण्हणं ऐकून मी रस्त्यात उकिडवा बसलो आणि रडलो.

तीन वाजता नागपूर. थेट आत. डोक्याचा फोटो काढला, कागदावर सह्या घेतल्या. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, हे दुसरे होते, चाळिशीचे, भराभर बोलणारे. त्यांनी चालता चालता विचारलं, ‘व्हॉल्व कोणी दाबत होतं का?’

नाही म्हणता आलं असतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

‘मी,’ म्हणालो. ‘रोज. या तीन दिवसांत तर लय वेळा.’

त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि आत गेले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आम्ही त्याच्या दोन टोकांना बसलो. बायको बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. ती त्या दाराकडे बघत बसली होती आणि मी तिच्याकडे. मनात एकच चालू होतं. पोरगी वाचली नाही, तर ही बाई माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि बोलू नये.

दिवे लागायच्या वेळी डॉक्टर बाहेर आले. ‘वाचली,’ हाच पहिला शब्द. बायकोने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती, त्यात जुनी नळी.

‘तुम्ही पंपाचं काम करता असं फाइलमध्ये वाचलं, म्हणून दाखवतो. व्हॉल्व चांगला आहे. पाकळ्या नीट उघडतात, नीट मिटतात. बिघाड त्याच्या आधी आहे. हे डोक्यातलं टोक. याला पाणी आत घ्यायला बारीक भोकं असतात.’

मी वाकून पाहिलं. भोकांमध्ये पांढरे तंतू अडकले होते, केळं सोलल्यावर सालीला राहतात तसे. एकच भोक अर्धं उघडं होतं.

‘एवढ्यातून जेवढं येईल तेवढंच व्हॉल्वपर्यंत पोचत होतं. म्हणून हळू भरत होता. हळू भरणं म्हणजेच बंद पडत चाललंय.’

‘मले वाटलं, उन्हाळ्यात पानी कमी...’

‘डोक्यातल्या पाण्याला उन्हाळा नसतो हो,’ ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

मी विचारलं, माझ्या दाबण्याने झालं का. दाबून सोडलं की तो मऊ घुमट फुगताना मागचं पाणी ओढतो, ते म्हणाले. ओढताना कधी कधी आजूबाजूचे तंतूही भोकात ओढले जातात. तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, आणि नाही झालं असंही म्हणणार नाही.

ते गेले, मी तिथेच उभा राहिलो. मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पाणी कमी असलेल्या बोअरवर उगाच जोरात दांडा मारला की वाळू ओढली जाते आणि जाळी बुजते, हे मीच गावोगाव लोकांना सांगत फिरतो. अकरा वर्षं सांगत होतो आणि रोज सकाळी घरी तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडले. बायकोने लगेच तिच्यासमोर एक बोट धरलं आणि विचारलं किती. पोरगी म्हणाली, ‘एक. काऊन?’ तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली. अर्ध्या डोक्यावरचे केस काढले होते, कानामागे मोठी पट्टी. आरसा मागितला, पाहिला आणि माझ्यावर चिडली, जणू केस मीच कापले. ती चिडली याचा मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

मग मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो. सगळं मनात जुळवून आणलं होतं. म्हणालो, ‘बाई, माही चूक झाली. तुहं डोकं दुखत होतं अन् मी तीन दिवस बसून राह्यलो.’

‘तीन दिवस नाई काई,’ ती म्हणाली. ‘मामाकडे जायच्या आधीपासून दुखत होतं.’

‘कधीपासून?’

‘शाळेचा निकाल लागला तवापासून. रोज सकाळी उठली का दुखे.’

मोसंबी सोलणारा बायकोचा हात थांबला. म्हणजे पंधरा-वीस दिवस. म्हणजे आईलाही माहीत नव्हतं.

‘मंग सांगितलं काऊन नाई?’ मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, एवढी साधी गोष्ट मला कळत नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं.

‘तुमी रोज म्हनत होते ना, चालू आहे म्हनून. मले वाटलं, मंग दुखतच नसन. मीच उगाच करून राह्यली.’

मला तिच्या आईकडे बघवेना आणि तिच्याकडेही बघवेना. शेवटी मी विचारलं, ‘आता? आता दुखते का?’

तिने उशीवर मान वळवली आणि पट्टी बांधलेला कान माझ्याकडे केला. मी दाबून सांगावं म्हणून.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. ‘नाई,’ म्हणालो, ‘मी नाई सांगत. तू सांग.’

तिने मान सरळ केली आणि छताकडे बघत विचार करायला लागली. तिला बराच वेळ सांगता येईना.